पाच टोकांची चांदणी

बाई : मूठ उघडा.

सलूनवाला : नाही उघडत.

बाई : अहो, साठीला आलेले गृहस्थ तुम्ही. बिगारीतल्या पोरासारखी मूठ काय आवळता? चांदणी द्या इकडे.

सलूनवाला : दिली की तुम्ही दोरा ओढणार. सर्रकन! माझी दुपारभराची मेहनत आणि तुमचा एक झटका. मी कधी गिऱ्हाइकाची दाढी अर्ध्यावर थांबवून केस परत चिकटवलेत का?

बाई : दाढी चुकली तर चार दिवसांत उगवते. टाका चुकला की जन्माचा चुकला. म्हणून उसवायचा.

सलूनवाला : चुकलंय कुठं पण?

बाई : मुठीबाहेरूनसुद्धा दिसतंय. चांदणीला सहा टोकं करायला सांगितली होती. मघाशी टेबलावर होती तेव्हा मोजली मी, पाच होती. सहावं काय गिऱ्हाइकाच्या कानाबरोबर गेलं?

सलूनवाला : पाच तर पाच. आकाशातल्या चांदण्यांची टोकं मोजायला तुम्ही शिडी लावून वर गेला होता?

बाई : उचलली जीभ, लावली टाळ्याला! बोटं चालली असती अशी, तर एव्हाना तोरण झालं असतं.

भावजय : वन्सं, जरा हळू. काउंटरवर गिऱ्हाईक आहे, लोकर बघतंय.

बाई : बघू दे. फुकट शिकायला मिळतंय त्यालाही.

भावजय : गेलं. लोकर तशीच टाकून गेलं.

बाई : मग त्याला लोकर नकोच होती.

भावजय : हो, लोकर कुणालाच नको असते. आणि शिकायलाही कुणाला नको असतं. तुमच्या भावानं तुम्हाला दुकानात हे खिडकीजवळचं टेबल दिलं, मी चकार शब्द काढला नाही. ‘नवशिक्यांसाठी क्रोशे, सणाची छोटी सजावट’ ही पाटीही मीच रंगवली. पाटी बघून माणसं आली वन्सं, आणि तुम्हाला बघून गेली.

बाई : ज्यांना टिकायचं नव्हतं ती गेली.

भावजय : डॉक्टरीणबाई रडत गेल्या. रोज माणसं कापतात त्या! बँकेतली मुलगी सुई इथंच विसरली, आणि मी फोन केला तर म्हणाली, ‘तुमच्याकडेच ठेवा, मला ती दिसायलाही नको.’ आता राहिले हे एकटे. हे आज उठून गेले की मी टेबल हलवणार. वाईट वाटून घेऊ नका. सण आठवड्यावर आलाय, तिथं तयार चांदण्यांची टोपली ठेवते. निदान त्या कुणाला बोलत तरी नाहीत.

बाई : त्या मशीनच्या? एका आईची शंभर लेकरं आणि शंभरांचं नाक एकसारखं! त्या ठेवणार तू, भावाच्या दुकानात?

भावजय : खपतात.

बाई : ढेकूणही खपवशील मग. चांगले लाल रंगाचे बघून.

सलूनवाला : तुमचं घरगुती चालू दे. मी निघतो.

बाई : बसा. हरलात की निघायचं, हीच तुमची रीत. मला एक सांगा, तुम्हाला या वयात हे सुचलंच कशाला?

सलूनवाला : दर शनिवारी विचारता, दर शनिवारी सांगतो. माझ्या सलूनातला मोठा आरसा आहे ना, त्याच्याभोवती आमची मंडळी दर सणाला कागदाच्या चांदण्या लावते. कात्री माझी, कला तिची. माझ्या फवाऱ्याच्या पाण्यानं त्या दोन दिवसांत लोळागोळा होतात, तरी लावते. यंदा न्हाणीघरात पडली, मनगट प्लास्टरमध्ये. मी म्हटलं, यंदा मी लावतो काहीतरी. तर गादीवरून म्हणते कशी, ‘आरसा बोडकाच बरा. तुमच्या हातानं आजवर लोकांचं कमीच केलंय, वाढवलंय काय?’

बाई : बाई शहाणी दिसते.

सलूनवाला : तेव्हाच ठरवलं. कागद नको, दोऱ्याचीच करायची. भिजली तरी मरायची नाही.

बाई : आणि ही आरशासमोर टांगणार? छान! म्हणजे वाकडी एक दिसायची ती दोन दिसतील.

सलूनवाला : दिसू देत! घरी बायको, इथं तुम्ही. एक डावा गाल सोलते, दुसरी उजवा. मी तोंड घेऊन जाऊ तरी कुठं? वहिनी, माझी पिशवी द्या हो.

भावजय : घ्या. चुकलं-माकलं पोटात घाला. वन्सं, बोला की काहीतरी! माणूस चाललाय.

बाई : पाटी बाहेरच्या अंगाला आहे, दरवाजा तिच्याशेजारी आहे. याहून काय बोलू?

(पिशवीतून दोऱ्याचा गुंडा पडून टेबलाखाली घरंगळतो. बाई तो उचलतात, दोऱ्याचं टोक सोडवून बोटांत फिरवतात.)

बाई : हा काय प्रकार? हा दोरा मी दिलेला नाही.

सलूनवाला : तुम्हीच दिलेला आहे. तोच लाल.

बाई : मी सरळ दिला होता. हा कुरळा आहे. नुसत्या गुंड्याचा दोरा असा होत नाही. हा विणलाय, आणि मग सुटलाय.

सलूनवाला : कुरळं काय नि सरळ काय, मला शिकवू नका. राहू दे ते. द्या इकडे.

बाई : आता तुम्ही मूठ उघडा म्हणाल, मी उघडणार नाही. कुणी विणलं हे?

सलूनवाला : मी. घरी, रात्री. इथं तुम्ही एकही चांदणी पुरी होऊ देत नाही, म्हणून घरी करायचो. चार केल्या. तिसरीला तर चक्क सहा टोकं होती.

बाई : मग आणल्या का नाहीत?

सलूनवाला : काय आणू? सलून बंद करताना आरशाला टांगायच्या, सकाळी येऊन बघतो तर चांदणीच्या जागी दोरा लोंबतोय. चारही वेळा! सलून घराच्या पुढच्याच खोलीत आहे. रात्री तिथं कोण जाणार? दुसऱ्यांदा झालं तेव्हा मांजर म्हणून सोडलं. चौथ्यांदा मात्र मी तिला म्हटलंच, ‘एक हात प्लास्टरमध्ये आहे, तरी दुसऱ्यानं माझं उसवतेस होय गं?’

भावजय : अगबाई! आणि वहिनी काय म्हणाल्या?

सलूनवाला : काही नाही. त्या दिवसापासून एक अक्षर नाही. पहिले दोन दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ताट वाढून मिळेना, ते एका हातानं तिला जमत नाही हे कळतं मला. पण ताट मी वाढलं, तर तिनं तोंड भिंतीकडं केलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणून म्हटलं, आज इथून एक तरी धड चांदणी न्यायची, तिच्या हातात द्यायची. तर तुम्ही ओढायला बसलेल्या!

बाई : टांगायचात कशी?

सलूनवाला : कशी म्हणजे? दोऱ्याचं टोक उरतं ना, त्यानंच बांधायचो आरशाच्या खिळ्याला.

बाई : आणि त्याआधी? शेवटचा टाका झाल्यावर काय करायचात?

सलूनवाला : सुई काढायचो. दोरा कापायचो. कापायला कुणी शिकवायला नको मला.

बाई : सुई काढली की फास उघडा राहतो. त्या फासाचं काय केलंत?

सलूनवाला : त्याचं काय करायचं असतं?

बाई : थांबा जरा.

सलूनवाला : आता थांबा कशाला? बोला की. चुकलं असेल तर बोला, तुम्हाला आवडतं ते.

बाई : सलूनात पंखा आहे?

सलूनवाला : डोक्यावरच. रात्री केसांचा कुबट वास राहू नये म्हणून चालू ठेवतो.

बाई : उघड्या फासाच्या टोकानं टांगली, वरून पंखा. एक हेलकावा, एक टाका. रात्रभरात चांदणी संपणारच. तुमच्या मंडळींनी हात लावला नाही. मांजरानंही नाही.

सलूनवाला : म्हणजे... शेवटी काहीतरी करायचं असतं?

बाई : दोरा फासातून ओढून घ्यायचा असतो. बंद करायचं असतं.

सलूनवाला : हे तुम्ही सांगितलं नव्हतंत!

बाई : तिथवर तुम्ही आलाच नव्हता.

भावजय : वन्सं, एक विचारू? तिथवर कोण आलं होतं? डॉक्टरीणबाई? बँकेतली मुलगी? त्या दोघी बहिणी? कुणाला दाखवलंत तुम्ही शेवटचं?

बाई : धड करून दाखवतील त्यांना दाखवणार होते.

भावजय : फिरून फिरून हरिदासाची कथा मूळ पदावर! धड होईपर्यंत उसवायचं, आणि उसवलं की धड कसं होणार? मी सून होऊन आले तेव्हा मलाही तुम्ही हेच शिकवायला बसला होता. आठवतंय? मी पळून काउंटरवर गेले, ती आजवर तिथंच आहे.

बाई : तुझ्या टाक्यांची साखळी ढिली होती.

भावजय : अजूनही ढिलीच आहे. कारण कुणी पुढं नेलंच नाही.

सलूनवाला : तुमचं उगाळणं नंतर करा हो. माझ्या घरात माणूस भिंतीकडं तोंड करून बसलंय! मी तिच्यावर आळ घेतला. प्लास्टरातल्या हातावर!

बाई : आरडाओरडा करू नका. बसा.

सलूनवाला : कशाला?

बाई : ती चांदणी काढा मुठीतून.

सलूनवाला : पाच टोकांची आहे.

बाई : डोळे आहेत मला. काढा. किती ओली केलीत घामानं... माणूस कबुतर धरतो तशी धरलीय. सुई घ्या. फासात घाला. नाही, अशी नाही! साबणाच्या ब्रशासारखी काय धरता? हं. आता एक साखळी टाका. एकच. आता कापा.

सलूनवाला : कुठं?

बाई : वीतभर दोरा ठेवून. तुमचीच कात्री काढा, वरच्या खिशातली. आमची लोकरीची बोथट आहे.

सलूनवाला : कात्री धजत नाही बघा. इतक्या डोक्यांवर चालवली, कधी अडली नाही.

बाई : डोकी दुसऱ्यांची होती. कापा. झालं. आता ते टोक फासातून बाहेर काढा आणि ओढा.

सलूनवाला : ओढू? ओढलं की उसवणार!

बाई : ओढा म्हणते ना. सगळ्या चांदणीत ही एकच जागा आहे, इथं ओढलं की घट्ट होतं.

सलूनवाला : ...झालं?

बाई : झालं. उरलेलं टोक मागच्या बाजूनं टाक्यांत लपवायचं, ते मोठ्या नाक्याच्या सुईनं. आणि टांगायला वेगळा दोरा घ्यायचा. आता हवं तिथून ओढून बघा.

सलूनवाला : येत नाही! वहिनी, बघा हो, येत नाही! अहो, तुम्हीपण ओढून बघा!

भावजय : ओढतेय. दगड आहे नुसता. वन्सं, तुम्ही ओढा. तुमचा हात तर सराईत.

बाई : माझं ओढून झालंय आजवर पुष्कळ.

सलूनवाला : पण आता घरी जाऊन तिला काय सांगू? मी कुठल्या तोंडानं...

बाई : याच तोंडानं. दुसरं आहे कुठं तुम्हाला? सांगा, बाईंनी शेवटचं शिकवलंच नव्हतं.

सलूनवाला : असंच सांगू? तुमचं नाव घेऊन?

बाई : माझंच घेऊन. आणि त्यावर स्वतःची चार वाक्यं जोडू नका. माफी मागा आणि गप्प राहा. जमेल?

सलूनवाला : गप्प राहणं अवघड आहे बाई. धंद्याची सवय.

भावजय : वन्सं, मग टेबलाचं काय करू? टोपली आणू?

बाई : आण. खाली फरशीवर ठेव, म्हणजे येणारा आधी टेबल बघेल, मग खाली बघेल. आणि त्या बँकेतल्या मुलीला फोन लाव.

भावजय : काय सांगू? सुई घेऊन जा म्हणून?

बाई : एक साखळी शिकवायची राहिलीय म्हणून सांग. डॉक्टरीणबाईंनाही लाव. रडू नका म्हणावं. नाही, तसं नको म्हणूस. चहा ठेवलाय म्हणावं.

भावजय : चहा कोण ठेवणार?

बाई : तू. तोवर मी तुझी साखळी बघते. बघते म्हटलं, ओढते नाही म्हटलं.

सलूनवाला : येतो मग बाई. पुढच्या शनिवारी तिला आणू का? एका हातानं काय करील म्हणा.

बाई : गुंडा धरील. तुमच्यापेक्षा बरा धरील.

सलूनवाला : आणि बाई... खरं सांगा. पाच टोकांची, जराशी वाकडी. टांगू ना आरशासमोर?

बाई : टांगा. दोन दिसतील.