एकटीचं मचाण

नाही नाही, तिथे हात नका लावू, त्या बाजूचा रंग ओला आहे अजून — आणि परत सांगा जरा, काय म्हणालात? साहेब आहेत का? साहेब नाहीयेत. साहेब रिकाम्या बाटल्या टाकायला गेलेत, येतील. नाव काय म्हणालात — वेदांग? बरं. आल्झो, वेदांग, म्हणजे तुम्ही ब्राउनश्वाइगहून, मित्राचा ट्रेलर लावून, शनिवारी सकाळी माझ्या गॅरेजपर्यंत आलात ते हे मचाण न्यायला. जाहिरात बघून. कुणी टाकली जाहिरात? नाही, दाखवू नका, मला फोनवर वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा वर राहिलाय — चष्म्याच्याच दुकानात काम करते मी, हसा, सगळे हसतात. आज माझी ड्यूटी होती तिथे. बदलून घेतली ऐन वेळी. म्हणून तर सापडले तुम्हाला. नाहीतर तुमच्या साहेबांचा बेत काय होता ते आलं माझ्या लक्षात — मी दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवतेय, आणि इकडे माझं मचाण ट्रेलरवर! घाबरू नका हो, तुमच्यावर नाही चिडलेले. तुम्ही बसा. त्या टायरवर बसा. काकू म्हणालात तर मात्र चिडेन.

हो, माझं. म्हणजे काय, मी बसते त्याच्यावर. बंदुकीचं कपाट माझ्या नावावर, परीक्षा मी दिलेली — जर्मनमधून, बरं का, हरणाच्या आतड्यांची नावं जर्मनमधून पाठ केलीयत मी या वयात, डाव्या बाजूची वेगळी, उजव्या बाजूची वेगळी. तुमची झाली परीक्षा? आत्ताच? अभिनंदन. आणि तरी गॅरेजमध्ये मचाण दिसल्याबरोबर तुम्ही विचारता साहेब कुठेत! काय सांगू, त्या दुकानदाराचंही हेच. आम्ही दोघं गेलो होतो हे घ्यायला, ते शिकारीच्या सामानाचं केवढं तरी मोठं दुकान, हिरवे कोट, हिरवे मोजे, सगळं हिरवं. मी विचारतेय की पायऱ्यांमधलं अंतर किती, कारण माझे पाय हे एवढेसे, बघताय ना — आणि उत्तर जातंय शिरीषला, म्हणजे तुमच्या साहेबांना, माझ्या नवऱ्याला. मी विचारते पट्टे कशाचे, तो शिरीषला पट्टे दाखवतो. शिरीषला! ज्याने घरातल्या स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तर मला खालून पाय धरावे लागतात! आणि हा पण मान हलवतोय, गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, जसा काही जन्मच झाडावर गेलाय. शेवटी मी म्हटलं, ऐका हो, याला विकायचं असेल तर याला विका, पण चढणार मी आहे, पडणार मी आहे. तेव्हा कुठे वळला माझ्याकडे. वळला आणि म्हणाला, तुमच्यासाठी ती बंद खोपटी छान, काचेच्या खिडक्या, आत गालिचा, थंडी लागत नाही, बायकांना आवडते. बायकांना! चार खांबांवर एक खोली, दार लावून बसायचं. खोली घरी आहे ना माझ्या. चांगल्या तीन आहेत. खोलीत बसायला मी पहाटे जंगलात जाऊ?

मग ते दोघांचं बाकडं आणलं त्याने. जोडपी हेच घेतात म्हणाला. शिरीष म्हणाला, घे की दोघांचं, जागा ऐसपैस होईल. नको म्हटलं. हेच. एकटीचं. साधी शिडी, वर एक जाळीची बैठक, पुढे बंदूक टेकवायला आडवी दांडी. तो सरळ गाडीकडे गेला. घरी येईपर्यंत रेडिओ लावून बसला. ते जाऊ द्या.

तुम्ही घ्याल तेव्हा — हे नाही, दुसरं घ्याल तेव्हा — एक लक्षात ठेवा. मचाण दुकानात निवडायचंच नसतं. आधी झाड निवडायचं. सरळ, जिवंत, आणि मांडीपेक्षा जाड. माझ्या मांडीपेक्षा म्हणतेय, तेव्हा तुमच्या काळजीचं कारण नाही. माझं झाड बीचचं आहे, एल्म नावाचा डोंगर आहे इथे, त्याच्या जंगलात, हेर ब्रांडेस म्हणून आहेत एक म्हातारे, त्यांच्याकडे तो जंगलाचा तुकडा आहे शिकारीसाठी, त्यांनी दाखवलं. उंची कशाला हवी माहितीये? लोकांना वाटतं लांबचं दिसायला. गोळी जमिनीत शिरावी म्हणून. चुकली तरी मातीत जावी, कुणाच्या सायकलवर नाही. आणि वारा आपल्या तोंडावर हवा, पाठीवर नको. यात मी काय केलं सांगू? पहिलं अख्खं वर्ष मी जाऊन बसतेय, पुतळ्यासारखी, नाकसुद्धा खाजवत नाहीये, आणि एक हरीण नाही. एक म्हणजे एक नाही. वारा बघतेय, सगळं बघतेय. शेवटी ब्रांडेस एकदा खाली शिडीशी उभे राहिले, वास घेतला, आणि म्हणाले, फ्राऊ जोशी, तुमच्या जॅकेटला जेवणाचा वास येतो. हिंग! ते जॅकेट स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं असायचं ना! वर्षभर मी त्या बिचाऱ्या हरणांना सांगत होते की आज आमच्याकडे आमटी आहे. तेव्हापासून ते इथे असतं, गॅरेजमध्ये. ते बघा, टायरांच्या वर.

काय म्हणालात? वापरलं नाहीये? कोण म्हणालं — शिरीष म्हणाला? फोनवर? "जवळजवळ नवीन, बायकोचा नाद होता, आता सुटला." असं म्हणाला तो तुम्हाला? नाद? — नाही, बसा तुम्ही, टायरवरून उठू नका. नाद सुटला! हे खाली का आणलं सांगू? पट्टे बदलायला. दर वर्षी उतरवून बघायचे असतात, पट्टे, स्क्रू, गंज, सगळं. मी स्वतः एकटीने सुट्टं करून आणलंय, पायावर पाडून घेतलंय, नख काळं पडलंय माझं, आणि याला वाटलं नाद सुटला! विचारायचं ना! माणूस समोर बसतो रोज. रोज म्हणजे रोज, दिवसभर, कंपनीतून कमी केलं त्याला गेल्या शरदात, गिअरबॉक्सचं काम करायचा, आता गिअरबॉक्सच लागत नाहीत म्हणे गाड्यांना. तेव्हापासून घरी. मसाल्याच्या डब्या उंचीप्रमाणे लावल्यात. मी भांडं घासलं की तो परत घासतो. मी कामावरून आले की म्हणतो, आज सहा मिनिटं उशीर. काय बोलणार? हसत हसत म्हणतो हो, वाईट नाहीये तो. पण मला श्वास घ्यायला — बरं, जाऊ द्या, तुम्हाला कशाला. झाडावर कुणी विचारत नाही एवढंच. उशीर झाला तर हरणांना चालतो.

आणि न वापरलेलं तर नाहीच आहे ते. मारलंय मी. हो. या महिन्यात. एक वर्षाची मादी, आपल्याकडच्या भेकराएवढी, पहाटे कुरणाच्या कडेला आली, मान वर केली, आणि — एका गोळीत. पळालीसुद्धा नाही. मला शिडीच उतरता येईना, वर बसून रडले मी, हसले पण, काहीतरी भलतंच चाललं होतं. ब्रांडेस आले, त्यांनी तिच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवली, शेवटचा घास म्हणून, तशी पद्धत आहे त्यांची, आणि दुसरी माझ्या टोपीत खोवली. टोपी काढून हात हातात घेतला माझा. इतक्या वर्षांत इथे कुणी असं अभिनंदन केलं नव्हतं हो माझं कशाचं.

शिरीषला? नाही सांगितलं. तुम्ही पहिलेच, बघा. कुहूला, मुलीला, तिलाही नाही — ती जर्मनमध्ये ओरडेल आणि मग बापाला फोन करेल. शिरीष चिकन खातो, पण डोळे असलेलं काही नको त्याला. आणि ते पण नाही खरं. घरात एकाची नोकरी गेलेली असताना दुसऱ्याने उड्या मारत आत यायचं का? म्हटलं त्याचं कुठेतरी जमू दे, एखादी चांगली बातमी त्याची येऊ दे, मग माझी सांगू. मग मस्त रस्सा करू. मांस आहे की इथेच, त्या डीप फ्रीझरमध्ये, वर मटारच्या पिशव्या ठेवल्यात, तो मटार उचलत नाही कधी.

काय झालं? असे का बघताय फ्रीझरकडे?

तो पण? तो पण आहे जाहिरातीत? माझ्या हरणासकट! नाही, तुम्ही नाही घेणार, कळलं, पण आहे ना? आणखी काय आहे? सांगा. सांगा हो, मला चष्मा नाही. जेवणाचं टेबल. हिवाळ्याचे टायर, ज्याच्यावर तुम्ही बसलाय. कपाट. कुठलं, तीन दारांचं? कुहूचा पलंग — थांबा. थांबा जरा. वर काय लिहिलंय, मथळ्याला? हाउसहाल्ट्सआउफ्ल्योझुंग. हं. घर मोडतानाची विक्री. कुणी गेलं की लावतात तसली पाटी. आणि तुम्हाला काय म्हणाला तो? म्हणजे कारण काय सांगितलं? बोला, आता तुम्ही एवढं बोललात, तेवढं बोला.

ऑगस्टमध्ये. पुण्याला. कायमचे.

दोघं, म्हणाला? "आम्ही दोघं"?

बरं.

नाही, पाणी नको. मला काय झालंय? मजा बघा, वेदांग. म्हणजे तुम्हाला माहिती आहे, तुमच्या मित्राला, ज्याचा ट्रेलर आहे त्याला माहिती आहे, अख्ख्या ब्राउनश्वाइगमध्ये ज्याला ज्याला जुनं टेबल हवंय त्याला माहिती आहे, की मी ऑगस्टमध्ये भारतात चाललेय. मी सोडून. वीस वर्षांमागे मला इकडे आणलं तेव्हा निदान तिकीट तरी दाखवलं होतं! मी कुणाशी बोलत होते काल रात्री? समोर बसून भाजी निवडत होता तो! विचारलं मी, एवढा गप्प का — काही नाही म्हणाला, डोकं दुखतंय. आणि मी गोळी दिली! आणि त्या टेबलावर दिली, विकायला काढलेल्या! रागावून ओरडायची मला सवय नाही हो, मी आपली चेष्टेवर नेते सगळं, आमच्याकडे सगळे म्हणतात निशिगंधाला राग येतच नाही. येतो. कुठे जाऊन बसतो तो, ते मला आज कळतंय. त्याला वाटत असेल बिचारीला त्रास नको. मला पण तेच वाटत होतं, त्याच्याबद्दल, मटाराखाली. पण मी त्याचं काही विकलं नाही! त्याच्या नावावर मी कुठे जायचं ठरवलं नाही!

उठा. उठा त्या टायरवरून. हे तिकडून धरा — रंग लागू दे, लागला तर लागला, मी धुवायला रॉकेल देईन. ट्रेलरवर नाही! माझ्या गाडीच्या टपावर. आत्ता. पट्टे नवे आहेत, झाड जागेवर आहे, आज दुपारी परत उभं करणार मी ते. एकटी. तुम्ही फक्त टपावर चढवून द्या, तुमचा हेलपाटा झाला त्याबद्दल मी सॉरी म्हणते, पेट्रोलचं काय ते त्याच्याकडून घ्या. हां, असं. वर. अजून वर, जोर लावा की, परीक्षा पास झालात ना!

तुमचाच वाजतोय. खिशात. कोण, तोच ना? घेऊ नका. नाही, घ्या — नको, इकडे द्या. द्या म्हटलं ना. तुम्ही ते धरून उभे राहा.

हॅलो. ... हो, मीच. ... कामावर नाही गेले. ... आले होते ते. ... नाही, गेले, फोन इथेच विसरून. कुणी नाहीये इथे. मी एकटीच आहे. तू ये घरी. ... नाही, बाटल्या राहू दे, तू ये —

टेकवा ते टपावर, हा घ्या तुमचा फोन, आणि निघा ना तुम्ही!