विक्रीतला क्रमांक

तुम्हाला सांगतो, बाहेर शिकून परतलो ते वर्ष दुष्काळाचं होतं. टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन गोष्ट रचायचा खेळ मी तिकडं खेळायचो. इथं आमच्या नव्या कॉलनीत त्याला कुणी जोडीदार मिळेना. मग कुणी खेळतंय का म्हणून ऑनलाइन दुकानात त्या खेळाच्या नियमांच्या, क्वचितच खपणाऱ्या पुस्तकाचा विक्रीतला क्रमांक रोज बघत बसायचो. एके दिवशी तो एकदम वर चढला.

"सलीम, लोक खेळायला लागले!" मी शेजारच्या सलीमला ओरडून सांगितलं.

"लोक नाय यार, मीच मागवलं. तुझं पडलेलं तोंड बघवेना."

"मग आज बसू या?"

"आज टँकर हाय." बादल्या उचलून तो निघाला आणि दारात थांबला. "त्या गोष्टीत आपल्या नळाला रोज पाणी आणता येतं का रे?"