पहिली दुलई

अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. थोडी रुई मिळते का म्हणून आलेले पिंजारी नवरा-बायको गाडीवान सोनाजीच्या गाडीच्या सावलीत बसले होते. सोनाजी वर कापसावर पडून ऐकत होता.

"सारी रुई विलायतेले चालली," बायको म्हणाली. "आपन काय पिंजावं, हवा?"

"मियल थोडी."

"मियल, अन् तुमी तिची दुलई फुकट देऊन याल."

"लेकराच्या पयल्या दुलईचे पैसे माह्या बापानं कधी घेतले नाई."

"तवा रुई एवढी महाग नव्हती."

"लेकराले काय ठाव भाव?"

"असा धंदा चालते काय?"

"नाई चालत. तूच सांग, कोन्या घरी नाई म्हनू?"

पुढची गाडी हलली. सोनाजीनं बैल हाकलेच नाहीत.

"गोदाबाईच्या घरी तं नका म्हनू," ती म्हणाली. "लय वर्सानं लेकरू झालं तिले."