पहिला नंबर अन् कच्चा चुना

सगळ्यात आधी आली ती तांड्यावरची पेमा. मंडपाचे बांबू रोवायच्या आधीच पुढच्या खुर्चीत बसली. पोरं म्हणली, "मावशे, ही खुर्ची पाहुण्यायची हाय." तर म्हणते, "मंग पाहुणा आल्यावर उठीन." पाहुणे दोन तास उशिरा आले. पेमा अजून तिथंच हाय, बघा.

असो. आजच्या निरोपाचे अध्यक्ष सरपंच शिवशंकरभाऊ, मंचावरच्या प्रियदर्शनी मॅडम, दहा दिवस आपल्या पायऱ्यांच्या बारवेवर लेकरायला जुनं बांधकाम शिकवणारे चिन्मय सर, अन् समोर बसलेल्या आयाबायांनो, बापेमाणसांनो, सगळ्यायला ह्या गोजरबाईचा नमस्कार. मी दुसरीतून शाळा सोडली, तवा शब्द वाकडातिकडा जाईल.

माझी नात कोमल शिबिरात पहिली आली. मला लई आनंद झाला, खोटं काहून बोलू? काल घरोघर साखर वाटली. आमच्या घरात आजवर कागद आले ते तहसीलचे. फ्रेममधला हा पहिलाच.

माझे सासरे गवंडी. ह्याच बारवेची उगवतीकडची भिंत त्यांनी दुरुस्त केली, तवा मी नवी नवरी. भिजवलेला चुना खड्ड्यात, अन् रोज फावड्यानं खालवर करायचं काम माझं. हाताची हळद उतरली न्हाई तोच चुन्यानं सालटं निघाली. सासूबाई चुन्याची गोळी करून पाण्याच्या वाटीत टाकायच्या. सकाळी गोळी विरघळलेली दिसली की म्हणायच्या, "कच्चा हाय. ढवळ अजून." असा महिना गेला. पण ती भिंत अजून उभी हाय.

हे सगळं मी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी मोबाईलात भरून घेतलं. "आजी, तुम्ही म्हणजे खजिना," म्हणले. खजिन्याला चहाबी पाजला. मंग सहाव्या दिवशी मावळतीच्या भिंतीसाठी भिजवलेल्या चुन्यात सिमेंटचं पोतं काहून फुटलं?

मी इचारायला गेले. "सर, गोळी तर विरघळून राहिली."

"आजी, चुन्याला महिना लागतो, आपलं शिबिर दहा दिवसांचं. समारोपाला भिंत पूर्ण दिसायला हवी ना?"

बराबर हाय त्यांचं. तारीख पत्रिकेत छापून झाली होती. चुन्याला इचारून कोण छापतं?

बारवेच्या दगडाला घाम येतो. चुना तो पितो अन् सोडून देतो. सिमेंट सोडत न्हाई. पाणी मागं कोंडतं. दोन पावसाळे निघतील, तिसऱ्यात भिंत पोट काढंल. अन् हेच शिकवायला शिबिर होतं म्हणे!

पण भिंतीचं सोडा. ते सिमेंट कालवणारे हात माझ्या कोमलचे होते. घरी आल्यावर म्हणलं, "बाई, तुला ठावं होतं ना? काहून घातलंस?"

ती हात धुता धुता म्हणली, "आजी, मार्क सरांकडं हायेत. तुझ्याकडं न्हाईत."

सासूबाईनं कधी इतकं रडवलं नव्हतं. माझ्यासंगं चुना ढवळणाऱ्या पाच बाया होत्या. आता मी अन् ही पेमा. आमच्यामागं गोळी पाण्यात कोण टाकंल, तो मोबाईल?

म्हणून मघाशी हार घालताना सरांच्या कानात म्हणलं, "उरलेला साधा चुना फेकू नका. आमी दोघी ढवळतो. पिकला की छिन्नी घेऊन या. हे सिमेंट खरवडू, अन् कोमलच्या हातून पुन्यांदा भरून घेऊ. मार्क मंग द्या." सरांचा चेहरा उतरला, पण व्हय म्हणले. कोमलनं मान खाली घातली. वर कधी काढते, बघू.

सर, मॅडम, आमच्या गावासाठी उन्हातान्हात तकलीफ घेतली, तुमचे उपकार हायेत. जेवल्याबिगर जाऊ नका. म्हातारीच्या तोंडून कमीजास्त गेलं आसंल ते पोटात घाला. अन् गावकऱ्यांनो, सरांनी सांगितलेला परत यायचा दिवस तुमीबी ध्यानात ठेवा, मी एकटीच साक्षीदार नको: पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पहिल्या गाडीनं.