आधी डॉक्टर हो

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीच्या मुलाखतीसाठी बेलापूरला आलेली कैनात नंबराची वाट बघत बसली होती. बाजूला प्रेमलाताई आपल्यासोबत आलेल्या शेजारणीशी बोलत होत्या. त्यांची लेक नुकतीच आत गेली होती.

“आमची ज्ञानेश्वरी मनाची डॉक्टर होणार!”

“म्हणजे वेड्यांची?”

“हळू बोला! स्थळांच्या बायोडेटात आमी नुसतं ‘डॉक्टर’ लिहिलंय.”

“आणि तुमचा रणजीत? वर्षभरात दिसलाच नाही.”

“घरातच असतो. खोलीबाहेर येत नाही, ताट दाराशी ठेवते.”

“मग ज्ञानेश्वरी काय म्हणते?”

“म्हणते, भावाला डॉक्टरकडे नेऊया. मी म्हटलं, गप बस! आधी तू डॉक्टर हो, मग अक्कल शिकव.”

“त्याला किती वर्षं लागतील?”

“लागतील पाचेक. रणजीत कुठं पळून जातोय?”