लेडी वॉर्बरींकडे पाठ

(राणी व्हिक्टोरियाचा काळ, यॉर्कशायरमधलं गिरण्यांचं गाव. दुपारच्या मैफलीचं मध्यंतर. रंगमंचामागच्या खोलीत पहिला व्हायोलिनवादक इनॉक थ्रेलफॉल आणि त्याची बायको हेप्सी.)

इनॉक : तू पाहिलंस ना? सगळ्या गावासमोर लेडी वॉर्बरींकडे पाठ करून उभा राहिला तो ब्राखमान. त्यांच्या देणगीवर हा हॉल उभा आहे, आणि त्यांना तासभर ह्याच्या कोटाच्या शेपट्या बघाव्या लागल्या.

हेप्सी : पाहिलं हो. चहा घ्या आधी, निवतोय.

इनॉक : काय?

हेप्सी : चहा.

इनॉक : मग नीट बोल की. तोंडातल्या तोंडात पुटपुटायची खोडच लागलीय तुम्हा सगळ्यांना. वाद्यवृंदाच्या संचालकानं लोकांकडे तोंड करून उभं राहायचं, छडी छातीपुढे धरायची, ही रीत आहे. पाद्री कधी भिंतीकडे बघून प्रवचन देतो का?

हेप्सी : कालपर्यंत छडीवाला होता तो. आज एकदम संचालक?

इनॉक : छडीवालाच आहे. उभी हयात मी त्या पहिल्या खुर्चीतून नुसता गज उचलला की अख्खा वाद्यवृंद निघायचा. मग ह्याला आणला जर्मनीहून. स्वतः एक सूर वाजवत नाही, हवेत काठी फिरवतो, आणि टाळ्या झाल्या की वाकून वाकून हाच घेतो.

हेप्सी : ते राहू द्या. आज वाजलं कसं, ते सांगा.

इनॉक : खोटं कशाला बोलू? झकास वाजलं. एकदाही चुकलो नाही.

हेप्सी : आणि मागच्या मैफलीत?

इनॉक : तो त्या नगारेवाल्याचा घोळ.

हेप्सी : नगारेवाला बिचारा हाताची घडी घालून बसला होता. सगळे थांबले होते, आणि त्या शांततेत तुम्ही एकटेच वाजवत होतात. मी गॅलरीत होते. मला रडू आवरेना.

इनॉक : पुरे कर.

हेप्सी : नाही करणार. इकडे बघा, माझ्या तोंडाकडे. समितीत तुम्हाला काढायचं चाललं होतं. म्हणून मी ब्राखमानसाहेबांकडे गेले. म्हटलं, ह्यांना ऐकू कमी येतं, पण कबूल करायचे नाहीत. तालमीत तुम्ही ह्यांच्याकडे तोंड करून असता, तेव्हा छडी बघून हे एक सूर चुकत नाहीत. मैफलीत तुम्ही लोकांकडे वळता, ह्यांना तुमचं कोपर तेवढं दिसतं, आणि माझा माणूस घाबराघुबरा होतो.

इनॉक : अब्रू घालवलीस माझी.

हेप्सी : घालवली असेल. खुर्ची राहिली ना?

इनॉक : म्हणजे ते लेडींकडे पाठ करणं... माझ्यासाठी?

हेप्सी : मग काय त्यांच्या टोपीला कंटाळून?

इनॉक : आणि मी त्याच्या नावानं सकाळसंध्याकाळ बोटं मोडतोय.

हेप्सी : आलेच बघा ते. कॉलर नीट करा.

ब्राखमान : बसा थ्रेलफॉल, उठू नका. समितीचे चिटणीस आत्ताच भेटून गेले. दुसऱ्या भागात लोकांकडे तोंड करा, नाहीतर समिती दुसरा संचालक बघेल, असं म्हणाले.

इनॉक : मग करा की तोंड. मी जातो मागच्या रांगेत. तिथं नुसता गज हलवला तरी कुणाला कळायचं नाही. माझ्यापायी तुमच्या पोटावर पाय नको.

ब्राखमान : मी नाही म्हणून सांगितलंय.

इनॉक : अहो, वेड लागलं का? परका मुलूख, घरी तान्हं पोर.

ब्राखमान : माझ्याकडे बघा, मी सावकाश बोलतो. तुमच्यासाठी फिरलो, हे खरं. पण फिरल्यावर मैफलीत प्रथमच मला माझे वादक दिसले. बासरीवाल्याला दम लागला होता, मी जरा थांबलो, त्यानं श्वास घेतला. आजवर मी लोकांच्या टोप्या बघत ताल धरत होतो. माझं काम काय आहे, ते मला आज समजलं. आता परत कसा वळू?

इनॉक : पण लेडीसाहेब?

हेप्सी : त्या मला जिन्यात भेटल्या. मी खाली मान घालून निघाले होते, त्यांनीच थांबवलं. म्हणाल्या, संचालक समोर बघत असतो म्हणून इतकी वर्षं ताठ बसून राहावं लागायचं, आज कुठे डोळे मिटून ऐकता आलं. चिटणिसांना हे सांगतील की नाही, देव जाणे.

ब्राखमान : न सांगोत. मी आता वळत नाही.

इनॉक : साहेब, मला आभार मानायची सवय नाही, जमेल तसे मानतो. कित्येक महिन्यांनी आज मी न भिता वाजवलं. मला वाटलं होतं, ते सुख संपलं. तुम्ही ते परत दिलंत. फार उपकार झाले.

ब्राखमान : चला, घंटा झाली.

इनॉक : झाली?

हेप्सी : आत्ताच.

इनॉक : मला ऐकू आली नाही. तुम्ही व्हा पुढे, साहेब. मी तुमच्याकडे बघत येतो.