खंडेनवमीचं फूल आणि अडखळणारा पडदा

या मंडळी, पुढे सरका! खांबाआडच्या वहिनी, तुम्हीसुद्धा — गोष्ट जवळ बसूनच ऐकण्यासारखी आहे. पण आधी एक विचारतो. काम बिघडलं, की आपण पहिलं नाव कुणाचं घेतो? स्वतःचं? की जो कधी दिसतच नाही, त्याचं? — हसू नका, उत्तर येईलच!

कोकणातलं देवीचं देऊळ, नवरात्राचं कीर्तन. अभंगाचे शब्द पडद्यावर दाखवायची सेवा रघुवीर तोडणकरांची. कुणासाठी? मयेकरांच्या इंदूकाकूंसाठी! कान गेल्यापासून काकू कीर्तन डोळ्यांनी ऐकायच्या.

कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा. आत चित्रं काढणारं वेगळं कार्ड, आणि त्या कार्डाला कॉम्प्युटरचं बोलणं समजावणारा दुभाषा — त्याचं नाव ड्रायव्हर. कुण्या परमुलखातल्या माणसानं तो लिहिला आणि जगाला मोकळा वाटून टाकला. घ्या, वाचा, सुधारा! रोजच्या माळेला तक्रार नव्हती.

आणि खंडेनवमीच्या संध्याकाळी पडदा अडखळायला लागला! कीर्तनकार बुवा दुसऱ्या चरणावर, पडदा पहिल्यावरच. अक्षरं मधोमध चिरलेली! काकू पडदा बघून टाळी वाजवतायत — आणि मंडप गप्प. मागून कुणीतरी फिसकन हसलं. काकूंनी आपल्याकडे वळलेल्या माना पाहिल्या आणि हात पदराखाली घेतले. शेजारणीला म्हणाल्या, "उद्या दसऱ्याच्या कीर्तनाला मी घरीच बसेन गो."

रघुवीरांनी ते ऐकलं. "फुकट वाटलेलं असंच निघायचं," करवादले. कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर घातला. तसंच! पुन्हा मोकळा घातला. तसंच! पडद्याची मापं बदलली — अक्षरं खांबाएवढी झाली, पण धावेनात. गोंधळ घालायचा अंबेचा, तो चाललाय यांच्या डोक्यात!

पूर्वरंग संपला. बुवांना हार-बुक्का होतोय, तेवढ्यात बायको सुलभा मागे येऊन म्हणते कशी, "अहो, दुभाषा बदलून बदलून थकलात! त्याच्यापर्यंत काम पोचतंय तरी का?"

 रघुवीरांनी वाकून कॉम्प्युटरच्या मागे पाहिलं.

सकाळी त्यांनीच वायरी काढून, पुसूनबिसून कॉम्प्युटरची खंडेनवमीची पूजा केली होती. हळद-कुंकू, आणि कार्डाच्या खाचेत खोचलेला झेंडू! पडद्याची वायर परत लावताना हात थबकला — देवीचं फूल काढायचं कसं? वर तशीच दुसरी खाच होती. लावली तिथे! ती खाच कॉम्प्युटरच्या अंगच्याच दुबळ्या चित्रकाराची. म्हणजे बघा, कार्ड पूजेला बसलेलं, आणि शिव्या खातोय कोण? ज्याला कामच मिळालं नाही, तो!

फूल काढलं, कपाळाला लावलं. वायर जागेवर. पडदा काळाठिक्कर! "गेलं वाटतं, सुलभा..." त्यांनी डोळे मिटले. आणि शब्द आले — उत्तररंगाला उभ्या राहिलेल्या बुवांच्या तोंडाबरोबर!

पण काकूंचे हात पदराखालीच. तेव्हा पडद्यावर अभंगात नसलेली एक ओळ उमटली — 'काकू, चूक माझी. उद्या या.'

काकूंनी वाचली. भर मंडपात मोठ्यांदा, "येईन रे मेल्या!" बुवासुद्धा थांबले! मग टाळी पडली, मंडपाची आणि काकूंची, एकदम. फूल? ते काकूंच्या अंबाड्यात.

मंडळी, भक्ती खोटी नव्हती हो. फूल वाटेत बसलं होतं. तुमचंही एखादं कुठे खोचलेलं नाही ना? घरी जाऊन बघा. आणि पडद्यावर पुढचा शब्द उमटेल, तेव्हा दूर कुठेतरी बसलेला, नावही ठाऊक नसलेला तो ड्रायव्हर लिहिणारा — त्याची क्षणभर आठवण ठेवा. त्या संध्याकाळी त्याचं काहीच चुकलं नव्हतं.